खासगी कंपनी आहे म्हणून काहीही चालेल का?

प्रश्न असा आला आहे: "नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात चार वर्षं आयटी सपोर्टला आहे. मी स्वतःला लिबर्टेरियन समजतो, सरकारने कमीत कमी लुडबुड करावी या मताचा. आता एचआरने दोन गोष्टी सांगितल्यात. सगळ्यांनी आपापल्या फोनवर लोकेशन आणि सेल्फी घेणारं हजेरीचं अ‍ॅप टाकायचं. आणि ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर दर पाच मिनिटांनी स्क्रीनशॉट घेणारं सॉफ्टवेअर मी बसवायचं. एक मित्र म्हणतो, खासगी कंपनी आहे, तिची मर्जी, पटत नसेल तर सोड. दुसरा म्हणतो, सरकारने असल्या गोष्टींवर बंदीच घातली पाहिजे. मला दोन्ही पटत नाही. तुम्ही काय केलं असतं?"

आधी उत्तर देतो, कारणं मग. ते अ‍ॅप मी माझ्या फोनवर घेतलं नसतं. आणि स्क्रीनशॉटचं सॉफ्टवेअर, कशासाठी, किती दिवस आणि कोण बघणार हे कागदावर आल्याशिवाय बसवलं नसतं. ही दोन्ही उत्तरं मी स्वातंत्र्याच्याच बाजूने देतोय. तुमच्या पहिल्या मित्राला वाटतं की लिबर्टेरियन म्हणजे मालकाचा वकील. तो गैरसमज आहे, आणि तो आपल्याकडे फार पसरलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांमधून २६ वर्षं सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळतोय. घर निफाड तालुक्यातलं, शेतकऱ्याचं. वडिलांच्या सदऱ्यावर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला असायचा. १९८० च्या नोव्हेंबरात ऊस-कांद्याच्या भावासाठी आपल्या जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे अडले, त्यात ते होते. त्यामुळे "सरकारने बाजूला व्हावं" हा विचार मला इंटरनेटवरच्या अमेरिकन वादावादीतून मिळालेला नाही, तो ओट्यावर बसून ऐकलेला आहे. शरद जोशींनी १९७९ मध्ये संघटना उभी केली. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा सगळ्यांना आठवते. पण त्यांनी दोन स्वातंत्र्यं जोडीने मागितली होती, बाजाराचं आणि तंत्रज्ञानाचं, आणि दुसऱ्याकडे लोकांचं दुर्लक्ष होतं. २००१ मध्ये गुजरातेत परवानगी नसलेला बीटी कापूस उभ्या शेतात सापडला. सरकार तो जाळायला निघालं तेव्हा जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढच्याच वर्षी, मार्च २००२ मध्ये, बीटी कापसाला सरकारी मान्यता मिळाली. बियाणं चांगलं की वाईट हा वेगळा वाद आहे. मी त्यातून घेतलेली गोष्ट एवढीच: ज्याच्या रानात पेरायचं आणि ज्याच्या खिशातून नुकसान जायचं, साधन कोणतं वापरायचं ते त्याने ठरवावं.

हे वाक्य नीट धरून ठेवा, कारण तुमच्या फोनलाही तेच लागू होतं.

आता सरकारबद्दल. तुमच्या वयाच्या माणसाला हे कदाचित इतिहासासारखं वाटेल, पण मी त्यात काम केलंय. भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीकडून, आणि १९९८ च्या नोव्हेंबरात खासगी कंपन्यांना दार उघडेपर्यंत दुसरा दुकानदारच नव्हता. इंटरनेटवरून आवाजी बोलणं १ एप्रिल २००२ पर्यंत कायद्यात बसत नव्हतं. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या मालकांना जर्मनीतल्या ग्राहकाशी रोज बोलावं लागायचं आणि आयएसडीचं बिल बघून अकाउंट्सवाले कपाळाला हात लावायचे. तंत्र माझ्या टेबलावर होतं: हेडफोन, मायक्रोफोन, सॉफ्टवेअर. तरी मला सांगावं लागायचं की साहेब, आपल्याला हे करता येणार नाही. त्याच काळात इंटरनेट परवान्याच्या अटींमध्ये ४० बिटांपेक्षा मोठी कूटकिल्ली (संदेश कुलूपबंद करणारी डिजिटल चावी; बिट जितके जास्त तितकं कुलूप पक्कं) परवानगीशिवाय वापरायला मनाई होती, आणि २००१ मध्ये रिझर्व्ह बँक इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिट सांगत होती. एका सरकारी कागदाप्रमाणे वागलं की दुसरा मोडतो. कुलूप जितकं पक्कं तितका माणूस संशयित, हा विचार तेव्हापासून आहे. तो गेला असं समजू नका. सप्टेंबर २०१५ मध्ये कूटलेखनाच्या धोरणाचा मसुदा आला होता, त्यात नागरिकांनीसुद्धा आपले संदेश उघड्या स्वरूपात ९० दिवस जपून ठेवावेत असं होतं. ओरड झाली आणि दोन-तीन दिवसांत तो मागे घेतला गेला.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते घरून काम करण्याच्या नियमाने. कॉल सेंटर, बॅक ऑफिस असली कामं करणाऱ्या कंपन्यांना दूरसंचार खात्याकडे "इतर सेवा पुरवठादार" म्हणून नोंदणी करावी लागायची. २००८ च्या नियमांप्रमाणे त्यांच्या माणसाला घरून काम करू द्यायचं तर एक कोटी रुपयांपर्यंतची बँक गॅरंटी आणि ठरावीक प्रकारचं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरची खासगी, सुरक्षित वाट, लागायचं. विचार करा, नाशिकरोडला राहणारी, लहान मूल असलेली एखादी बाई घरून चार तास ग्राहकांचे ईमेल बघू शकली असती. तिला कुणी कायद्याने "तू घरी बस" असं म्हटलं नव्हतं. फक्त तिला काम देणाऱ्यापुढे कोटीचा कागद ठेवला होता. छोट्या गावातला छोटा उद्योजक तिथेच थांबला. मार्च २०२० मध्ये करोना आला आणि टाळेबंदीच्याही आधी खात्याने सवलती दिल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये नोंदणीच काढून टाकली. आभाळ कोसळलं नाही. बारा वर्षं जी अट सुरक्षेसाठी अत्यावश्यक होती, ती काही दिवसांत अनावश्यक ठरली. त्या बारा वर्षांत जे रोजगार उभेच राहिले नाहीत, त्यांची मोजदाद कुठेच होत नाही, आणि मला याचं खरोखर दुःख होतं.

त्याच २०२० मधली दुसरी गोष्ट. १ मे च्या आदेशात केंद्रीय गृह मंत्रालयाने सरकारी आणि खासगी, सगळ्या कर्मचाऱ्यांना आरोग्य सेतू सक्तीचं केलं. शंभर टक्के लोकांच्या फोनवर ते आहे हे बघायची जबाबदारी संस्थेच्या प्रमुखावर टाकली. प्रमुखाने ती माझ्यावर टाकली. कारखाने हळूहळू सुरू होत होते, आणि मी सकाळी साडेसहाला गेटवर उभा राहून कामगारांचे फोन बघत होतो. निम्म्यांकडे बटणांचे फोन. एक वेल्डर, माझ्या वडिलांच्या वयाचा, फोन पुढे करून म्हणाला, "साहेब, यात काय टाकता येतं ते टाका, पण आत सोडा." १७ मे च्या आदेशात सक्ती गेली आणि "शक्य तितका प्रयत्न करावा" अशी भाषा आली. म्हणजे ते दोन आठवडे मी जे केलं त्याची गरज नव्हती. मला कुणी विचारलं नाही, पण मीही कुणाला विचारलं नाही. ते मला अजून बोचतं. या क्षेत्रातल्या माणसाने हे ओळखून असावं: पाळत ठेवायला सरकारला स्वतःचा माणूस पाठवावा लागत नाही, तुमच्याआमच्यासारखा आयटीवाला आयता मिळतो.

म्हणून तुमच्या दुसऱ्या मित्राला, जो बंदी मागतोय, माझा प्रश्न आहे: बंदी घालणारा कोण? ज्याला तुम्ही रखवालदार नेमताय, त्याचं स्वतःचं वागणं बघा. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे निर्देश आले. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची, सगळ्या यंत्रणांचे लॉग (कोणी कधी काय केलं याच्या नोंदी) १८० दिवस देशात ठेवायचे. व्हीपीएन विकणाऱ्यांनी ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपायचे. अनेक परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी सरळ भारतातले सर्व्हर हलवले. त्या निर्देशांमधली एक गोष्ट मला मनापासून पटते: सगळ्या यंत्रांची घड्याळं एका वेळेला जुळवा. ती न जुळल्यामुळे मी एका घुसखोरीचा माग काढताना दोन रात्री घालवल्यात. पण सहा तास? चाळीस कॉम्प्युटर आणि एक आयटीवाला असलेल्या कारखान्यात शनिवारी रात्री रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं तर पहिले सहा तास तो माणूस केबली उपटत असतो. लघुउद्योगांना सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत वाढवून मिळाली, नियम मात्र तोच. आणि १८० दिवसांच्या लॉगचा अर्थ असा की ज्या मालकाला आपल्या माणसांवर लक्ष ठेवायची अजिबात हौस नाही, त्याच्याकडेही कोण कधी कुठल्या साइटवर गेला याचा सहा महिन्यांचा ढीग कायद्यानेच साठतो. साठलेला ढीग एक दिवस कुणीतरी उपसतोच. बढती नाकारायची असते, कुणाला काढायचं असतं, तेव्हा कुणाला तरी आठवतं की लॉग आहेत.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आधार तुमचा मित्र घेईल. तो वाचा, छोटा आहे. कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी कर्मचाऱ्याचा डेटा संमतीशिवाय वापरायची वाट ठेवलेली आहे. कलम १७ प्रमाणे केंद्र सरकार आपल्या एखाद्या यंत्रणेला अधिसूचना काढून कायद्यातूनच वगळू शकतं. दंड २५० कोटींपर्यंत, तो खासगी उद्योगाला भीतीदायक. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. म्हणजे तुमच्या सेल्फीच्या प्रश्नावर हा कायदा आज तुमच्या बाजूने धावून येईल असं धरून चालू नका. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, ते मला फार मोलाचं वाटतं. पण तो हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध आहे. तुमच्या एचआरपुढे तो निकाल ठेवलात तर ते चहा पाजतील आणि अ‍ॅप तसंच राहील.

सरकार नकोच, असं मी म्हणत नाही. करार मोडला तर दाद मागायला न्यायालय हवं, आणि ते वेळेत हवं. फसवून घेतलेल्या डेटाला चोरीच म्हणणारा कायदा हवा. माझी सरकारकडून अपेक्षा इथपर्यंत आहे.

आता पहिला मित्र. "खासगी कंपनी, तिची मर्जी." यातला अर्धा भाग बरोबर आहे आणि तो अर्धा भाग तुम्ही प्रामाणिकपणे मान्य करा. ऑफिसचा लॅपटॉप कंपनीचा आहे. त्यावर पेन ड्राइव्ह बंद करणं, सिनेमे डाउनलोड होऊ न देणं, मशिनच्या पीएलसीचं (मशिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचं) नेटवर्क वेगळं ठेवून तिथे कुणालाच इंटरनेट न देणं हा मालकाचा पूर्ण हक्क आहे. यात स्वातंत्र्यावर घाला वगैरे काही नाही. ज्याचं घर त्याने चपला कुठे काढायच्या ते सांगावं.

पण मालमत्तेचा हाच नियम पुढे न्या. फोन कुणाचा? तुमचा. हप्ते तुम्ही भरले. त्यातली बॅटरी, डेटा, आईचे फोटो, बँकेचं अ‍ॅप, डॉक्टरांचे निरोप तुमचे. कंपनी जेव्हा म्हणते की आमचं अ‍ॅप त्यात टाका आणि लोकेशन चालू ठेवा, तेव्हा ती तुमची वस्तू भाडं न देता वापरायला मागतेय. जो माणूस मालमत्तेच्या हक्काची शपथ घेतो आणि मालकाच्या लॅपटॉपवर थांबतो, कामगाराच्या फोनपर्यंत पोचत नाही, त्याचं तत्त्व अर्धवट आहे.

दुसरं, करार. तुम्ही चार वर्षांपूर्वी सही केली त्या नेमणूकपत्रात हे अ‍ॅप होतं का? नसेल, तर हा नवा व्यवहार आहे, आणि नव्या व्यवहाराला नवी संमती लागते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "उद्यापासून सर्वांनी" असा निरोप टाकणं ही संमती नाही.

तिसरं, "पटत नसेल तर सोड". हे वाक्य म्हणणाऱ्याने ज्याला सोडायला सांगतोय त्याचा हिशेब बघावा. समजा, पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटचा हप्ता, आईवडील इथे, आणि तुमच्या कामाच्या जागा नाशिकमध्ये मोजक्या. सोडलं की पुणे. मग भाडं, दोन घरं, दर शनिवारी रात्रीची बस. सोडायचा हक्क आहे, पण त्याची किंमत दोन्ही बाजूंना सारखी नाही. यावर डावे लोक म्हणतात, बघा, म्हणून सरकार हवं. मी म्हणतो, बघा, म्हणून जास्त मालक हवेत. माणसाला नोकरी बदलता येते तेव्हा एचआरची भाषा आपोआप बदलते. हे मी २००५ ते २००८ मध्ये डोळ्यांनी पाहिलंय, आमची पोरं भराभर पुण्याला जायला लागली तेव्हा कॅन्टीन सुधारलं, शनिवारची अर्धी सुट्टी आली. पण ते जास्त मालक येईपर्यंत मधल्या काळात काय, याचं उत्तर पहिला मित्र देत नाही. मधल्या काळात उरते आपली स्वतःची वागणूक: मालकाची, एचआरची, आणि सगळ्यात जास्त आपली, कारण बटण आपल्या हातात असतं.

इथे मला माझ्याकडून झालेलं एक नुकसान सांगायचंय. २०१३ च्या सुमाराची गोष्ट, मी तेव्हा दुसऱ्या एका कारखान्यात होतो. लोकांना आपल्या फोनवर ऑफिसचं ईमेल हवं होतं, आम्ही जोडून दिलं. जोडताना फोन एक परवानगी मागायचा, लोक न वाचता हो म्हणायचे. त्या परवानगीत सर्व्हरवरून पूर्ण फोन पुसायचा अधिकार होता. खरेदी विभागातल्या एकाने राजीनामा दिला, स्पर्धकाकडे चालला होता. वरून सांगणं आलं की त्याच्या फोनवरचा आपला डेटा काढ. मी बटण दाबलं. फक्त ईमेल गेलं नाही, फोन दुकानातून आणल्यासारखा कोरा झाला. त्याच्या मुलीच्या जन्मापासूनचे फोटो त्यात होते आणि दुसरीकडे कुठेच नव्हते. त्याने मला फोन केला, शिवी दिली नाही, फक्त विचारलं, "परत येतील का?" कायद्याच्या दृष्टीने त्याची परवानगी होती. कंपनी खासगी होती. सगळं नियमात बसत होतं. तेव्हापासून मला "परवानगी दिली होती ना" हा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही. ज्याला कशाला हो म्हणतोय ते कळलेलं नाही, त्याचा होकार मी होकार धरत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. रोनाल्ड कोस या अर्थतज्ज्ञाने १९३७ मध्ये विचारलं होतं की बाजार इतका चांगला आहे तर कंपन्या असतातच कशाला? त्याचं उत्तर असं की प्रत्येक कामासाठी बाजारात जाऊन सौदा करणं महाग पडतं, म्हणून माणसं कंपनीच्या आत हुकमाने काम करतात. म्हणजे कंपनीच्या आत बाजार नसतो, तिथे एक छोटं नियोजन मंडळ असतं. आणि त्या मंडळाचं परवाना खातं म्हणजे आयटी. सरकारच्या परवानाराजला नावं ठेवणारे आम्ही, आत काय चालवत होतो? सॉफ्टवेअर हवंय, तिकीट (आयटीकडे नोंदवलेला अर्ज) टाका. नेटवर्कवरचा पोर्ट (ये-जा करायचं दार) उघडायचाय, तीन सह्या आणा.

आमच्या प्रेस शॉपमध्ये एक सुपरवायझर होते, दहावी शिकलेले. त्यांनी एक्सेलमध्ये डायची (पत्रा कापणाऱ्या साच्यांची) नोंदवही केली होती: कुठली डाय किती शॉट (ठोके) चालली, ग्राइंडिंगला कधी गेली, कुठल्या पुरवठादाराच्या कॉइलला (पत्र्याच्या गुंडाळीला) बर, म्हणजे कापलेल्या कडेचा खरखरीतपणा, लवकर येते. शेवटचा रकाना त्यांच्या डोक्यातून आला होता. आम्ही ईआरपी, म्हणजे सगळ्या कारखान्याचा हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, आणलं तेव्हा मी सगळ्या शेअर्ड फोल्डरमधल्या असल्या फायली बंद केल्या, एकच माहिती दोन ठिकाणी नको म्हणून. ईआरपीत शॉट मोजायची सोय होती, पण कॉइल आणि बर यांचा संबंध लावायला जागा नव्हती. तीन आठवड्यांनी एक डाय मशिनवर तुटली. सुपरवायझर मला म्हणाले, "माझ्या वहीत ही दहा हजार शॉटांआधीच लाल झाली असती." अर्थतज्ज्ञ हायेकने १९४५ मध्ये हेच मांडलं होतं, की कामाच्या जागी उभ्या असलेल्या माणसाकडचं ज्ञान वर बसलेल्या नियोजकाकडे कधीच पूर्ण पोचत नाही. मी ते दिल्लीला लागू करत होतो. लासलगावच्या लिलावात दिल्लीच्या एका आदेशाने भाव कसा पडतो हे निफाडच्या माणसाला सांगावं लागत नाही. ८ डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीनंतर आमच्या घरचा कांदा कसा गेला ते मला माहीत आहे. पण प्रेस शॉपसाठी दिल्ली मीच होतो, हे माझ्या लक्षात यायला एक डाय तुटावी लागली. फाइल मी त्याच दिवशी परत सुरू केली आणि रोजच्या बॅकअपमध्ये घातली. आता माझा नियम असा आहे की कुणी स्वतः बनवलेलं साधन सापडलं तर आधी विचारायचं, हे का बनवावं लागलं?

तुमच्या स्क्रीनशॉटचंही तसंच आहे. मालकाला नेमकं काय जाणून घ्यायचंय? कोटेशन वेळेत जातात का? मग कोटेशनची तारीख मोजा. डिझाइन बाहेर जातंय अशी शंका आहे? मग त्या फोल्डरवर प्रवेशाची नोंद ठेवा. प्रत्येकाच्या पडद्याचा दर पाच मिनिटांनी फोटो काढला तर दिवसाला माणशी शंभरच्या आसपास चित्रं होतात. पन्नास माणसांची पाच हजार. ती बघणार कोण? कुणीच नाही, जोपर्यंत कुणावर राग येत नाही. आणि त्या चित्रांत पगाराची स्लिप असते, बँकेची शिल्लक असते, बायकोचा रिपोर्ट असतो. ही सगळी चित्रं एका सर्व्हरवर साठवून तुम्ही चोरासाठी आयती तिजोरी भरताय.

मोजायचं तेवढंच मोजण्याचं एक उदाहरण आपल्याच गावात आहे. २००३ च्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. २०१५ च्या कुंभात नाशिकच्याच एका शाळकरी मुलाने बनवलेली चटई वापरून बघितली गेली. वाटेवर अंथरायची, पावलांचा दाब मोजायची, आणि किती माणसं पुढे गेली ते सांगायची. गर्दी कळली, पण कुणाचा चेहरा, नाव, आधार क्रमांक काही लागला नाही. २०२७ मध्ये पुन्हा अमृतस्नानं आहेत, तेव्हा कॅमेऱ्यांची चर्चा होईल, आणि मी प्रत्येक वेळी ही चटई आठवून देणार आहे. चेंगराचेंगरी टाळायला पावलं मोजावी लागतात, चेहरे नाही.

आता तुम्ही काय करावं. हजेरीच्या बाबतीत नुसता नकार देऊ नका, पर्याय घेऊन जा. गेटवर कार्ड रीडर बसवला की हजेरीचा प्रश्न सुटतो, आणि एचआरला खरी अडचण बहुधा बाहेर फिरणाऱ्या सर्व्हिस इंजिनिअरांची असते. त्यांना कंपनीने फोन द्यावा, तो कामाच्या वेळेत चालू आणि घरी गेल्यावर बंद. आपल्याच फोनवर ऑफिसचं ईमेल ज्यांना हवंय, त्यांना अँड्रॉइडचं वर्क प्रोफाइल करून द्या. त्यात कंपनीचा कप्पा वेगळा राहतो, कंपनीला तेवढ्याच कप्प्यातली अ‍ॅप्स दिसतात आणि नोकरी सोडल्यावर तेवढाच कप्पा पुसला जातो. २०१३ मध्ये माझ्याकडे हे नव्हतं. तुमच्याकडे आहे.

फायरवॉलवर (ऑफिसच्या नेटवर्कच्या पहारेकरी यंत्रावर) एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, ट्रॅफिक उघडून बघायची सोय चालू असेल तर तीही तपासा. त्यासाठी प्रत्येक कॉम्प्युटरवर कंपनीचं रूट सर्टिफिकेट (कॉम्प्युटरने ज्यावर विश्वास ठेवायचा ते ओळखपत्र) टाकलेलं असतं, आणि मग ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह दिसत असूनही मधला डबा, म्हणजे ती फायरवॉल, सगळं वाचतो. बँका आणि आरोग्याच्या साइट त्यातून वगळा, आणि तसं सगळ्यांना सांगा. लोकांना माहीत असलेली देखरेख आणि गुपचूप देखरेख यात मी जमीन-अस्मानाचा फरक मानतो.

स्क्रीनशॉटसाठी मालकांना थेट भेटा, एचआरमार्फत नको. छोट्या कारखान्यातला मालक बहुतेक वेळा वाईट नसतो, त्याला कुणीतरी प्रेझेंटेशन दाखवून सॉफ्टवेअर विकलेलं असतं. पाच हजार चित्रांचा हिशेब त्याच्यासमोर मांडा. डेटा फुटला तर जबाबदारी कंपनीवर येणार आहे, हे नव्या कायद्यातलं वाक्य इथे उपयोगी पडेल. तरीही हवंच म्हणाले, तर कागद मागा: कुठल्या विभागासाठी, कुठल्या शंकेसाठी, किती दिवसांनी पुसणार, आणि बघायला दोन माणसांच्या चाव्या लागणार की एकाची. मी नेहमी दोन चाव्यांचा आग्रह धरतो, त्यातली एक कधीच आयटीकडे नको. ज्यांच्या कॉम्प्युटरवर ते बसणार त्यांना आधी नोटीस बोर्डावर, मराठीत, कळवलं पाहिजे.

हे सगळं मेलवरही लिहा, पण तो मेल शुक्रवारी संध्याकाळी पाठवू नका, सोमवारी सकाळी पाठवा. भाषा साधी ठेवा, तत्त्वज्ञान घालू नका, लिबर्टेरियन हा शब्दही नको. आणि तोंडी "बघू" असं उत्तर मिळालं, तर त्याच दिवशी "आपलं असं बोलणं झालं" म्हणून दोन ओळींचा दुसरा मेल टाका.